इंदूर: लॅनवरून यूएसबी नेणारा एक्स्टेंडर घेतला तर आवाज सुधारतो का?

रामबागकर
मंडळी, सल्ला हवाय. कॉम्प्युटर वरच्या खोलीत, अँप्लिफायर (अँप) आणि स्पीकर खाली हॉलमध्ये. वायर ओढायची झाली तर १५ मीटर तरी लागेल. सध्या लॅपटॉप खाली नेऊन यूएसबीनं डॅकला (डिजिटल गाण्याचा अँपला चालेल असा सिग्नल करणारा डबा) जोडतो. चार्जर कायम लावलेला. अमीर खाँसाहेबांचा विलंबित लावला की दोन स्वरांच्या मधे बारीक घूंऽऽ ऐकू येते, माउस हलवला की किरकिर. एका मित्राचं म्हणणं, नेटवर्कवाला यूएसबी एक्स्टेंडर लाव, आवाजावरचा पडदाच उठेल. बजेट १० हजार. घेऊ का?

सराफ्याचा उल्लू
बिनधास्त घ्या भिया. माझ्याकडे आहे. बास घट्ट झाला, तबल्याची चाट सुटी ऐकू येते.

कथील आणि कावीळ
जरा थांबा. पाकीट उघडायच्या आधी एक फुकटची परीक्षा करा: चार्जर काढा, बॅटरीवर तेच गाणं लावा. काय होतं ते इथे लिहा.

रामबागकर
केलं. किरकिर साफ गेली! घूं मात्र अर्ध्यावर आली, पूर्ण नाही गेली.

कथील आणि कावीळ
म्हणजे दुखणी दोन आहेत.

किरकिर ग्राउंडची, म्हणजे उपकरणांना जोडणाऱ्या सामाईक तारेची. यूएसबीच्या तारेत डेटाबरोबर ५ व्होल्ट आणि ग्राउंडही जातं, त्यामुळे कॉम्प्युटरमधली घाण डॅकमार्गे थेट अँपमध्ये उतरते. लॅनच्या प्रत्येक पोर्टमध्ये छोटा ट्रान्सफॉर्मर असतो. सिग्नल पलीकडे जातो, ग्राउंड जोडलं जात नाही. नेटवर्कवाल्या एक्स्टेंडरचा खरा फायदा हा. बिट तेच राहतात, 'सुधारत' काही नाही. हल्लीचे बहुतेक यूएसबी डॅक असिंक्रोनस असतात, घड्याळ त्यांचं स्वतःचं, तेव्हा जिटरच्या (घड्याळाच्या ठोक्यातल्या बारीक चुकांच्या) कहाण्याही सोडून द्या. उल्लूभाऊंना फरक पडला असेल तर तो याच कारणानं पडला असावा, आणि मग तो खरा आहे.

उरलेली घूं बहुधा टीव्हीकडून येतेय. अँपला सेट-टॉप बॉक्स जोडलाय का? असेल तर त्याची आरसीए (आवाजाची लाल-पांढरी केबल) काढून बघा. डिशची केबल बाहेरून वेगळं ग्राउंड घेऊन येते. एक्स्टेंडर त्याला काही करू शकत नाही.

रामबागकर
जोडलाय. काढली, घूं गेली! टीव्हीचं बघतो नंतर. पण अंतराचा प्रश्न आहेच.

कथील आणि कावीळ
साधी यूएसबी २.० केबल ५ मीटरपर्यंतच, लॅन १०० मीटर. तेव्हा लॅन हवीच. एक्स्टेंडर घ्यायचा असेल तर नीट बघून घ्या, कारण एकाच नावाखाली तीन वेगळ्या वस्तू विकतात. जेल रोडला दोन डब्यांची जी स्वस्त जोडी मिळते, तिला फक्त लॅनची केबल लागते. ते इथरनेट (नेहमीचं लॅन नेटवर्क) नव्हेच, स्विचमध्ये (लॅनच्या तारा एकत्र जोडणाऱ्या डब्यात) खुपसू नका. त्यातल्या बऱ्याच यूएसबी १.१ च्या वेगानं, १२ मेगाबिटवर चालतात. २४ बिट १९२ किलोहर्ट्झ स्टीरिओला (उंची दर्जाच्या गाण्यांना) ९.२ मेगाबिट लागतात, म्हणजे १२ मध्ये बसेलसं वाटतं, पण त्या वेगावर ऑडिओला जेमतेम ८.२ मेगाबिट मिळतात, म्हणून बसत नाही; बरेच डॅक तिथे ९६ किलोहर्ट्झच्या पुढे जातच नाहीत.

दुसरे प्रिंटर-स्कॅनरसाठीचे यूएसबी सर्व्हर. ऑडिओ आयसोक्रोनस पद्धतीनं जातो, हुकलेलं पॅकेट पुन्हा मागत नाही. त्यातल्या अनेकांना हे जमत नाही. माहितीपत्रकात आयसोक्रोनस हा शब्द नसेल तर पैसे वाचवा. तिसरे खरे नेटवर्कवाले, गिगाबिट स्विचमधून ४८० मेगाबिट नेणारे. आयक्रॉन कंपनीचे असतात तसे. ते १० हजारांत बसवायचं मनातही आणू नका.

तिलकनगरची
दादा, मी असते तर एक्स्टेंडर घेतलाच नसता. डॅकजवळ रास्पबेरी पाय (तळहाताएवढा कॉम्प्युटर) ठेवा, त्यावर मूड ऑडिओ किंवा व्हॉल्युमिओ ही गाणी वाजवणारी प्रणाली टाका, गाणी वरच्या कॉम्प्युटरवरून लॅननं येऊ द्या. ग्राउंड तसंही तुटतं आणि वरचा पीसी विंडोज आहे की लिनक्स याची काळजी नाही. पाय ४ घ्या, ३ नको: ३ मध्ये यूएसबी आणि लॅन एकाच वाटेनं जातात. फक्त यूट्यूब किंवा गेमचा आवाज हवा असेल तर हे गैरसोयीचं, तिथे एक्स्टेंडर बरा.

सराफ्याचा उल्लू
लॅनची केबल शील्डवाली (आत धातूचं वेष्टण असलेली) घेऊ का? महाराणी रोडवाला म्हणतो जाड तीच चांगली.

तिलकनगरची
नको! शील्ड दोन्ही टोकांना धातूच्या कनेक्टरला जोडली तर जे ग्राउंड तोडलं तेच पुन्हा जोडलं जातं. साधी यूटीपी (बिनशील्डची) कॅट ६, तांब्याची. तांबं चढवलेलं अ‍ॅल्युमिनियम देतात, विचारून घ्या. आणि पायला (किंवा एक्स्टेंडरच्या खालच्या डब्याला) बरा अडॅप्टर लावा. फुकटात आलेला मोबाइलचा चार्जर तीच घाण खालून परत आत घालेल.

रामबागकर
ताई, पाय घेतला तर गाणं फोनवरून बदलता येईल का? आई खाली बसून ऐकते, तिला माउस नको असतो.

तिलकनगरची
येईल. फोनच्या ब्राउझरमध्ये पान उघडतं, ॲपचीही गरज नाही. आवाजाची वरची मर्यादा मात्र आधीच सेट करून ठेवा.