वॉटर रॉकेटच्या लाँचरमधून हवा गळतेय, मदत हवी आहे (शनिवारच्या आत!)

कऱ्हाडकर

मंडळी, लेक सातवीत आहे. तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनात तिनं वॉटर रॉकेट (बाटलीत पाणी आणि दाबलेली हवा भरून उडवायचं) घेतलंय, म्हणजे पर्यायानं मी घेतलंय. आज रविवार, प्रदर्शन शनिवारी. रॉकेट तयार आहे: सव्वादोन लिटरची कोल्ड्रिंकची बाटली, पुठ्ठ्याचे तीन पंख, नाकाला प्लॅस्टिकचा चेंडू. गाडी अडलीय लाँचरपाशी.

लाँचर अर्धा इंची यूपीव्हीसी (कडक प्लॅस्टिकच्या) पाइपचा. मधे टी (तीन तोंडांचा जोड), टीतून वर उभी नळी, तिच्यावर बाटली उलटी बसते. (या पाइपचा बाहेरचा व्यास 21.3 मिमी आणि बाटलीच्या तोंडाचा आतला पावणेबावीसच्या आसपास. हे पहिल्यांदा ज्याच्या लक्षात आलं त्याला माझा नमस्कार.) नळीला कानशीनं खाच पाडून ओ-रिंग (हवा अडवणारी रबरी कडी) चढवलीय. भोवती गोलाकार केबल टाय (वायरी बांधायच्या प्लॅस्टिकच्या पट्ट्या), त्यांची डोकी बाटलीच्या गळ्याच्या कॉलरवर अडकतात, वरून सरकणारं कडं. दोरी ओढली की कडं खाली आणि बाटली मोकळी. टीच्या एका अंगाला प्रेशर गेज, दुसऱ्या अंगाला एंड कॅप (पाइपचं तोंड बंद करणारी टोपी), त्यात मोटरसायकलचा ट्यूबलेस व्हॉल्व. पंप सायकलचा, उभा.

त्रास असा: 40 पीएसआय (दाबाचं एकक) भरून थांबलो की मिनिटभरात काटा 22 वर. लेक 'तीन, दोन, एक' म्हणेपर्यंत जीव गेलेला असतो. काल रॉकेट जेमतेम पेरूच्या झाडाएवढं वर गेलं आणि शेजारच्या काकूंच्या धुण्यावर उतरलं.

आतापर्यंत ओ-रिंग तीनदा बदलली. गेजच्या आट्यांवर टेफ्लॉन टेप गुंडाळली, वरून पाइप चिकटवायचं सोल्युशनही लावलं. व्हॉल्वच्या बुडाशी इपॉक्सी थापलं. साबणाचं पाणीही लावून पाहिलं, पण सगळीकडेच फेस, काय कळणार? माझा संशय ओ-रिंगवरच आहे. खाच जरा वाकडीतिकडी झालीय.

चहाबिस्कुट

काकूंची प्रतिक्रिया धाग्यात दिलेली नाही. निषेध.

अर्धाइंची

कऱ्हाडकर, एकच सांगा. दाब भरल्यावर बाटलीच्या तोंडाशी पाणी टपकतं का?

कऱ्हाडकर

नाही. नळी कोरडी ठणठणीत.

अर्धाइंची

मग ओ-रिंगला सोडा, बिचारी निर्दोष आहे. बाटली उलटी, पाणी तोंडाशी, हवा त्याच्या वर. तिथली सील गळत असती तर हवेच्या आधी पाणी बाहेर आलं असतं. तुमची गळती नळीच्या खाली, टीच्या आसपास आहे.

आता बाटली काढा. उभ्या नळीच्या तोंडाला आट्यांची कपलिंग (जोडतुकडा) लावून डमीनं (बुचानं) बंद करा. राहिलेला सांगाडा पूर्ण पाण्यानं भरा, हवा अजिबात ठेवू नका, मग पंपाचे दोन-तीन हलके दट्टे. पाणी दाबलं जात नाही, त्यामुळे काटा लगेच चढेल आणि काही फुटलंच तर नुसतं भिजाल. हवा भरून तीच चाचणी केली तर तुकडे उडतात. जिथून गळतंय तिथे थेंब धरेल. कोरड्या फडक्यानं पुसायचं आणि बघत बसायचं.

साबणाचं म्हणाल तर पाणी ढवळायचं नाही. भांड्यांचा लिक्विड साबण घट्टसर कालवून ब्रशनं हळूच लावा आणि मग हात बांधून बसा. तुम्ही केलेला फेस बसत जातो, गळतीचा फेस वाढत जातो.

आणि आट्यांवर सोल्युशन कशाला लावलंत? ते सरकत्या जोडासाठी असतं. आट्यांना फक्त टेप, आणि ती आटे आवळायच्या दिशेनं गुंडाळायची. उलटी गुंडाळली की आवळताना गोळा होऊन बाहेर येते.

सर_प्रयोगशाळा

एक किरकोळ गोष्ट. पंप भराभर मारला की हवा गरम होते. थांबल्यावर ती निवते आणि काटा थोडा उतरतो, ती गळती नव्हे. पण असा काटा थोडा उतरून थांबतो. तुमचा 22 पर्यंत जातोय, म्हणजे भोक आहेच.

जास्त महत्त्वाचं: यूपीव्हीसीवर छापलेला दाब पाण्यासाठीचा असतो, दाबलेल्या हवेसाठीचा नाही. हा पाइप फुटतो तेव्हा चिरत नाही, त्याच्या ठिकऱ्या उडतात. 40 च्या वर जाऊ नका. पाइप दोन महिने उन्हात पडला असेल तर नवा घ्या. पाइपावर जुनं गोणपाट गुंडाळा, दोरी लांब ठेवा, मुलीला चष्मा द्या. आमच्या शाळेत मी पंप मारणाऱ्यालाही चष्मा घालायला लावतो, मग तो कितीही मोठा असो.

पंक्चरवाला_नातू

दादा, व्हॉल्व कुठल्या बाजूनं घातलाय? आतून की बाहेरून?

कऱ्हाडकर

बाहेरून. कॅप आधीच चिकटवून झाली होती, मग वरूनच रेटून बसवला. का?

पंक्चरवाला_नातू

अहो दादा! तो रबरी व्हॉल्व रिममध्ये आतल्या अंगानं घालून बाहेर ओढतात. बुडाची जाड रबराची टोपी आत राहते आणि आतल्या हवेनंच रिमवर दाबून बसते. दाब वाढेल तसा जास्त घट्ट. तुमचा उलटा आहे, म्हणजे हवा त्याला बाहेर ढकलतेय. इपॉक्सी रबराला नीट चिकटत नाही, हवा त्याच्या खालून वाट काढते. गळतंय ते ठीक, एक दिवस व्हॉल्व तोंडावर येईल. पहिलं ते बंद करा.

रबरी सोडा, नटवाला धातूचा घ्या, दोन्ही बाजूंना वॉशर येतात त्याला. कॅपचं डोकं घुमटासारखं असतं, त्यावर वॉशर सपाट बसणार नाही. आधी घासून सपाट करा.

कऱ्हाडकर

बुधवार, रात्री साडेदहा.

अर्धाइंचींची पाण्याची चाचणी केली. थेंब आला तो व्हॉल्वच्या बुडाशी नाही, इपॉक्सीच्या काठाशी, बोटभर लांब. म्हणून मला कधी दिसला नाही. नातू, तुझा नेम बरोबर. मी जन्मात तिथे बघितलं नसतं.

जुनी कॅप करवतीनं कापून टाकली. नवीन कॅप पालथी धरून, सँडपेपर फरशीवर पसरून तिचा घुमट घासला, अर्धा तास, लेक मोबाइलवर टायमर लावून बसली होती. मग ड्रिलनं आधी लहान भोक, मग मोठं, आणि शेवटी गोल कानशीनं व्हॉल्वच्या मापाला. कडेला राहिलेले खरखरीत कण ब्लेडनं काढले. व्हॉल्व आतून घातला, नट आवळला, मगच कॅप सोल्युशननं पाइपला चिकटवली आणि पूर्ण 24 तास हात लावला नाही (बायकोनं पहारा दिला). गेजचे आटे घासून फक्त टेप लावली.

आज 40 भरले. 38 वर उतरून काटा थांबला. सर, तुम्ही म्हणालात तसंच. दहा मिनिटांनीही 38.

गोणपाट गुंडाळलंय, चष्मे दोघांनाही आणलेत. उद्या संध्याकाळी मोकळ्या मैदानावर. काकू म्हणाल्या, मीही येते, पण धुणं आत घेऊन.