डोकं वर ठेवून झोपायला वेज पिलो (पाचरीसारखी उतरती उशी) सुचवा, बजेट २०००

उंबरठा_७९: बायकोचं (वय ३१) दोन महिने सकाळी उठल्याउठल्या डोकं ठणकायचं, वाकून उठली की दोन-चार सेकंद डोळ्यापुढे काळं आणि कानात नाडीच्या तालावर सूं सूं. चष्म्याचा नंबर काढायला गेलो तर डोळ्यांच्या डॉक्टरांनी पडदा बघून दोन्ही नसांना सूज आहे म्हणून न्यूरोकडे पाठवलं. एमआरआयमध्ये गाठ नाही, गुठळी नाही, पण पाठीतून मेंदूभोवतीचं पाणी काढताना त्याचं प्रेशर ३४ भरलं, २५ च्या वर जास्त धरतात म्हणे. ते पाणी कमी बनावं म्हणून डायमॉक्सची गोळी चालू आहे, वजन उतरवायला सांगितलंय आणि झोपताना डोक्याची बाजू ३० अंश वर. कुठली उशी घेऊ? २००० च्या आत प्लीज.

खमंग_फोडणी: बजेट विसरा. आम्ही बाबांना मोटरवाला बेड घेतला, पंचेचाळीस हजार, रिमोटवर डोकं वर पाय वर. बाबांना अ‍ॅसिडिटी आहे पण झोप काय लागते!

सुमीची_आई: दोन उशा एकावर एक. खर्च शून्य. मी वीस वर्षं तशीच झोपते.

अर्धा_चहा: ताई नको. त्याने पाठ सपाट राहते नि मान तेवढी मुडपते, मानेच्या शिरांतून रक्त खाली यायला अडतं, प्रेशर उलट वाढतं. कवटी म्हणजे न फुगणारा डबा, आत मेंदू, रक्त, पाणी. एक वाढलं की दुसऱ्याने सरकायचं, सरकायला जागा संपली की चेपते डोळ्याची नस. पाणी एका वेळी दीडशे मिलीच असतं, पण दिवसाला पाचशेच्या आसपास नवीन बनतं, ते जिरलं पाहिजे ना. माझं ४१ होतं. कंबरेपासून उचलणारी घ्या. आणि उशी राहू दे, फील्ड टेस्ट चुकवू नका, ती अंधारात ठिपका दिसला की बटण दाबायची. मी 'दिसतंय की' म्हणत दोन टाळल्या, डाव्या डोळ्याची नाकाकडची कड गेली ती गेलीच. नजर अचानक कमी झाली तर अपॉइंटमेंटची वाट बघू नका, तडक जा.

बुलेटवाला: डायमॉक्स? ती तर आम्ही लेहला उंचीचा त्रास नको म्हणून घेतली होती. बोटांना मुंग्या, नि कोल्ड्रिंक एकदम सपक.

खमंग_फोडणी: +१ मुंग्या. खारदुंगलाला मॅगी खाल्ली का?

अर्धा_चहा: लेहचा धागा वेगळा काढा हो.

गावकरी: पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली विटा. आजोबांचा उपाय.

भूमितीप्रेमी: सव्वासहा फुटी पलंग नऊ इंच उचललात तर जेमतेम ७ अंश होतो. ३० साठी तीन फूट उचला, सकाळी पायथ्याशी गोळा झालेले सापडाल.

सुमीची_आई: म्हणून तर म्हणते, दोन उशा.

मोगरा: मुरुमांसाठी डॉक्सी (अँटिबायोटिक) किंवा व्हिटॅमिन ए-वाल्या गोळ्या चालू होत्या का त्यांना? माझ्या बहिणीचं त्यातूनच निघालं. न्यूरोला सांगा.

उंबरठा_७९: मोगराताई, डॉक्सी चालूच होती!! स्किनवाल्यांनी दिलेली, न्यूरोला सांगायचं आम्हाला सुचलंच नाही. लगेच फोन केला, बंद करायला लावली. उशीचं म्हणाल तर १७०० ची मागवली, फोमला रॉकेलसारखा वास, वर रात्रभर घसरगुंडी, परत केली. शेवटी सासऱ्यांची कॅनव्हासची आरामखुर्ची सावंतवाडीहून आणली, दांडा शेवटच्या खाचेत, मांडीखाली गोधडीची गुंडाळी. फोटो दाखवला तर न्यूरो हसले, मान सरळ राहतेय तर झोपू दे म्हणाले. टेम्पोचे ६०० गेले.

सुमीची_आई: कॅनव्हास जुनं असेल तर फाटतं हं, आमचे हे पडले होते.

खमंग_फोडणी: बेड हप्त्यावर पण मिळतो, सांगायचं राहिलं.