शब्दचर्चा : ‘अ‍ॅक्सेस फ्रिक्शन’ला मराठीत काय म्हणावे?

प्रश्न : अपंग कलावंतांच्या रंगभूमीवर लेख लिहिताना ‘अ‍ॅक्सेस फ्रिक्शन’ या संज्ञेपाशी अडले आहे. एकाची सोय तीच दुसऱ्याची गैरसोय ठरते, अशा स्थितीला ही संज्ञा वापरतात. ‘सुगम्यता-संघर्ष’ चालेल का?

उत्तर : पूर्वपद ठीक आहे. २०१५ साली केंद्र सरकारने सुरू केलेल्या ‘सुगम्य भारत अभियाना’मुळे ‘सुगम्य’ हा शब्द कानांवरून गेलेला आहे. ‘सुलभता’ जवळचा असला, तरी सुलभ म्हणजे सहज मिळणारे आणि सुगम्य म्हणजे जिथे सहज पोचता येते ते, हा फरक राखावा. (शिवाय ‘सुलभ’ म्हटल्यावर शहरी वाचकाला आधी काय आठवते, ते सांगायला नको.) ‘संघर्ष’ मात्र खटकतो. कर्णबधिर प्रेक्षकाला खुणांच्या भाषेतल्या दुभाष्याची बोटे आणि चेहऱ्यावरचे भाव दिसण्यासाठी उजेड हवा असतो आणि त्याच उजेडाने शेजारी बसलेल्या अर्धशिशीच्या रुग्णाचे डोके ठणकू लागते. पण म्हणून त्या दोघांचे भांडण आहे असे होत नाही. मी ‘सुगम्यतेचा पेच’ सुचवीन, कारण पेच पडला की डोके चालवावेच लागते.

शंका : पतंगांच्या पेचात शेवटी एकाचा पतंग कापलाच जातो, त्याचे काय?

उत्तर : शंका रास्त आहे, पण कुस्तीतला पेच हा कौशल्याचा असतो आणि इथे तीच छटा हवी आहे. १९८० साली स्थापन झालेल्या लंडनच्या ‘ग्रेआय’ या नाट्यसंस्थेने २००६ मध्ये सेरा केन यांचे एक नाटक केले, तेव्हा नटांनी संवादांबरोबर रंगसूचनाही मोठ्याने म्हटल्या. अंध प्रेक्षकासाठीचे वर्णन एरवी कानातल्या यंत्रातून वेगळे दिले जाते. इथे ते सर्वांनाच ऐकावे लागले आणि पात्र स्वतःच्याच कृतीचे वर्णन कोरडेपणाने करते आहे, असा नवाच परिणाम त्यातून साधता आला. (विष्णुदास भावे यांच्या नाटकांतला सूत्रधार कथाभाग गाऊन सांगत असे, हे मराठी वाचकाला इथे आठवावे.) अर्थात अशा रीतीत बोलणे वाढते, ते सारे कर्णबधिरांसाठी खुणांत किंवा पडद्यावरच्या अक्षरांत आणावे लागते, आणि ती हलती अक्षरे कोणा तिसऱ्याचे लक्ष विचलित करतात. म्हणजे एका पेचातून दुसरा निघतो. ‘तिढा’ मी टाळला तो यासाठीच : जागावाटपाच्या बातम्यांनी त्याला आता केवळ अडून बसण्याचा अर्थ दिला आहे.

प्रश्नकर्ती : आभारी आहे. लेखात असे लिहिले आहे : ‘पहिल्या वाचनालाच सुगम्यतेचा पेच पुढे आला, तेव्हा दिग्दर्शिकेने दुभाष्याला कोपऱ्यातून उचलून पात्रांमध्ये आणले आणि उजेड तेवढ्यापुरताच ठेवला.’ ‘पेच’च्या जागी ‘घर्षण’ घालून पाहिले. वाक्य लगेच विज्ञानाच्या पुस्तकातले वाटू लागले.