गंगाळसागराचा घेर ३० हात कसा?

नारळवाडी, अलिबाग

नमस्कार. आम्ही बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले ज्यू. पणजोबांचा तेलाचा घाणा होता आणि शनिवारी तो बंद असायचा, त्यामुळे गावात आम्ही 'शनवार तेली'. मी स्वतः ३१ वर्षं शाळेत गणित शिकवलं आणि आता वाडी बघतो.

नातू इस्रायलमध्ये अश्दोदला असतो. तेरा वर्षं पूर्ण झाली की तो सिनेगॉगमध्ये पहिल्यांदा वाचायला उभा राहील. त्याच्या वाट्याला 'वयाकहेल' या तोरातल्या भागाचा शब्बाथ, म्हणजे शनिवार, आलाय. आमच्या रीतीप्रमाणे त्या दिवशी हिब्रू बायबलमधल्या राजांच्या पहिल्या पुस्तकातल्या सातव्या अध्यायाची १३ ते २६ ही वचनं वाचतात. शलमोनाच्या मंदिरासाठी हीरामने ओतलेल्या धातूच्या प्रचंड गंगाळसागराचं वर्णन त्यात आहे. या काठापासून त्या काठापर्यंत १० हात, उंची ५ हात, भोवती दोरी धरली तर ३० हात.

परवा फोनवर त्याने विचारलं, "आजोबा, १० हात व्यास असेल तर घेर ३१.४ हात हवा ना? दीड हात कुठे गेला?" मी म्हटलं, ढोबळ माप आहे. तो गप्प बसला. त्याचं गप्प बसणं मला लागलं, कारण वर्गात मुलाने असं विचारलं असतं तर मी त्याला 'ढोबळ आहे' म्हणून खाली बसवलं नसतं.

एका नातेवाइकाने एक तोड पाठवली आहे. या वचनात 'दोरी' हा शब्द लिहिताना 'हे' हे अक्षर जास्तीचं आहे, वाचताना ते सोडतात. हिब्रूत अक्षरांना किमती असतात. कोफ १००, वाव ६, हे ५. लिहिलेल्याची बेरीज १११, वाचलेल्याची १०६. ३ ला १११ ने गुणून १०६ ने भागा, ३.१४१५ येतं. गुणाकार मी तीनदा केला, बरोबर आहे. पण हीराम कारागीर होता. त्याने दोरी धरून मापलं, त्याची दोरी ३० भरली. ती ३० का भरली हे मला हवंय. शिवाय इतिहासाच्या दुसऱ्या पुस्तकात हेच वर्णन आहे, तिथे ते जास्तीचं अक्षर नाही.

दुसरं कोडं असं. राजांच्या पुस्तकात या भांड्यात २,००० बाथ (हे तिथलं जुनं माप) पाणी मावतं, इतिहासात ३,०००. भांडं एकच.

जाणत्यांनी सांगावं.

तांबटकाम, रेवदंडा

गुरुजी, धर्मग्रंथातलं मला कळत नाही, भांड्यातलं सांगतो. आमच्याकडे पत्रा कापताना व्यासाची तिप्पट धरतात, वर व्यासाचा सातवा हिस्सा, आणि सांध्याला दोन बोटं वेगळी. म्हणजे तीन पुरत नाहीत हे कारागिराला शिकवावं लागत नाही. पत्रा कमी पडला की आपोआप कळतं.

मला विचारायचंय ते हे, त्या भांड्याचा काठ कसा होता? सरळ की बाहेर वळलेला? घंगाळाचं तोंड मापताना पट्टी काठावरून काठावर आडवी टाकतात. पण दोरी काठावर धरून बघा, ती टिकत नाही, निसटते. ती काठाच्या खालीच बसते. एकाच भांड्याची दोन मापं दोन जागची होतात. तुमच्या घरात जुनं घंगाळ असेल तर करून बघा. कड्या आड येतील, त्यांच्या वरून दोरी न्या.

वेदाभ्यासी, गुहागर

असाच पेच बौधायन शुल्बसूत्रात, म्हणजे यज्ञवेदीच्या मापांच्या जुन्या ग्रंथात आहे, म्हणून लिहितो. यज्ञातला यूप, म्हणजे खांब, पुरण्याचा खड्डा एक पद (पावलाचं माप) व्यासाचा आणि खांबाच्या बुंध्याचा घेर तीन पदं असं तिथे सांगितलंय. यावरून 'बौधायन परिघ तिप्पट धरतो' असं पुष्कळांनी लिहिलं आहे. पण खड्डा वेगळा, खांब वेगळा! कोकणात मांडवाची मेढ पुरलेल्या कोणालाही विचारा. खड्डा आणि मेढ एकाच मापाची असेल तर मेढ आत उतरेल कशी, आणि माती-दगड ठासणार कुठे? एक पद व्यासाच्या खड्ड्याचा घेर ३.१४ पदं, खांबाचा ३. मधली फट ठासायला.

बौधायनाला तीनच ठाऊक होते असंही नाही. चौरसाएवढं वर्तुळ काढण्याची जी कृती तो देतो, तिच्यातून ३.०८८ च्या आसपास येतं. पुढे आर्यभटाने २०,००० व्यासाला ६२,८३२ परिघ दिला आणि त्यालाही 'आसन्न' म्हटलं, म्हणजे जवळचा. तेव्हा सूत्र नेमकं कशाला मापतंय, ते आधी पाहावं.

अश्दोदहून

मीही बेने इस्रायल, माझं आजोळ नवगावचं. तल्मुदात, म्हणजे आमच्या धर्मशास्त्राच्या चर्चांच्या ग्रंथात, एरुवीन या भागाच्या १४व्या पानावर हीच चर्चा आहे. घेर तीन तर रुंदी एक, हा नियम कुठून आला, असं विचारून हेच वचन दाखवतात. मग कोणीतरी अडवतो की भांड्याला जाडी होती. २६वं वचन बघा, जाडी चार बोटं, काठ पेल्याच्या काठासारखा, कमळाच्या फुलासारखा. त्यावर उत्तर येतं की घेरही आतूनच मापला. म्हणजे तल्मुद तीनवर ठाम राहतं. जुन्या एका हिब्रू भूमितीच्या पुस्तकात मात्र व्यास बाहेरून आणि घेर आतून अशी फोड आहे.

रॅम्बाम, म्हणजे ज्यू पंडित मैमोनिडीस, यांचं म्हणणं वेगळं. व्यास आणि परिघ यांचं प्रमाण नेमकं कळूच शकत नाही. एकास तीन पूर्णांक एक सप्तमांश हेही जवळपासच, म्हणून नियमासाठी पूर्ण तीन घेतले, असं त्यांनी लिहिलंय. बाराव्या शतकात!

२,००० आणि ३,००० चं उत्तर तल्मुदातलंच. २,००० पाण्याचं माप, ३,००० कोरड्याचं. धान्य शिगोशीग भरतात आणि शीग, म्हणजे काठावरची रास, ही एकूण मापाचा तिसरा हिस्सा.

नारळवाडी, अलिबाग

सगळ्यांचे आभार. काल दुपारी माळ्यावरून आजीचं तांब्याचं घंगाळ काढलं. मलिद्याच्या, म्हणजे आमच्या एका विधीच्या, वेळी पाणी तापवायला ते वापरायचे. चिंच-मीठ लावून घासलं, मग पट्टी टाकली. काठापासून काठापर्यंत ५२ सेंमी. सुतळी काठावर धरली आणि तांबट म्हणाले तसंच झालं, तीनदा निसटली. काठाखाली, कड्यांच्या वरून घेतली तेव्हा १५७ भरली. भागिले ५२, म्हणजे ३.०२. काठ बाहेर वळलाय जेमतेम सेंटिमीटरभर.

आता हीरामचं. ३० हात घेराचा व्यास ९.५५ हात येतो. १० ला कमी पडतात ०.४५ हात, म्हणजे २४ बोटांच्या हातात ११ बोटं, एका बाजूला साडेपाच. नुसत्या जाडीने हे भागत नाही, ते मी करून पाहिलं. बाहेरून १० हात, दोन्हीकडे चार-चार बोटं वजा, तरी आतला घेर ३०.३७ येतो. पण कमळासारखा उमललेला काठ साडेपाच बोटं बाहेर यायला काहीच अडचण नाही. आणि २४वं वचन मी आजवर नीट वाचलंच नव्हतं. काठाच्या *खाली* सभोवार फळांच्या आकाराच्या गाठी, दोन ओळींत, हाताला दहा. ३० हातांना ओळीत ३००. कारागिराला दोरी धरायची गरज पडली ती तिथेच!

घेराचं मला पटलं. शिगेचं मात्र पटलं नाही. शीग एकूण मापाचा तिसरा हिस्सा, म्हणजे भांड्यातल्याच्या निम्मी. भांडं सरळ उभं धरलं तर पाच हात उंचीच्या भांड्यावर साडेसात हातांची शीग लागेल, आणि पाया दोन्हीकडे पाच-पाच हातच. आम्ही खळ्यावर भाताच्या राशी केल्यात. इतकी उभी रास राहत नाही, घसरते. पायलीला जे चालतं ते या भांड्याला चालत नाही, आणि त्यात पाणी होतं, भात नव्हता. माझ्या दृष्टीने हा फरक अजून तसाच उभा आहे.

रात्री नातवाला दोन्ही सांगितलं, जुळलं ते आणि न जुळलेलंही. तो म्हणाला, घंगाळाची सुतळी पाठवा. १५७ वर गाठ मारून ठेवली आहे. शेजारची मुलगी पुढच्या महिन्यात तिकडे जातेय, तिच्याबरोबर देतो.