सेमिस्टरचे शेवटचे दिवस : बडोदेकरांनो, आपापले अनुभव लिहा

रावपुऱ्याची लेक :
परवा रात्री दीडला पाणी प्यायला उठले तर भाचीच्या खोलीत दिवा. पोर जमिनीवर बसून प्रॅक्टिकलचं जर्नल लिहीत होती. डेटा स्ट्रक्चर, तिसरं सेम, सकाळी सबमिशन. "मावशी, एव्हीएल ट्रीची रोटेशन्स तेवढी राहिलीत." मी शेजारी बसून तिला कोऱ्या पानांचे समास आखून दिले, आणि आखता आखता २००४ आठवलं.

तेव्हा घरी कॉम्प्युटर नव्हता. प्रोजेक्ट कॉलेजच्या लॅबमध्ये करायचा आणि फ्लॉपीत भरून आणायचा. माझा सी या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत होता, लायब्ररीच्या देवघेवीचा, लिंक्ड लिस्ट (एकीला दुसरी जोडलेल्या नोंदींची साखळी) वापरून. सबमिशनच्या आदल्या संध्याकाळी फ्लॉपी उघडेचना. १.४४ एमबीची ती चकती, तिला काय झालं ते शेवटपर्यंत कळलं नाही. हातात फक्त प्रिंटआउट. तोही बाबांनी "कागदावर असू दे एक" म्हणून काढायला लावलेला.

बाबा मराठीचे शिक्षक, त्यांना सीचं ओ की ठो कळत नव्हतं. स्कूटरवरून सायबर कॅफे गाठला. मी टाइप करायला बसले, ते स्टुलावर बसून वाचायला लागले. "पी. वजा. मोठं-चिन्ह. नेक्स्ट. बरोबर. नल. अर्धविराम." साडेतीन तास. एकही अर्धविराम गाळला नाही. कॅफेवाल्या भाईंनी अर्धं शटर पाडून बारापर्यंत बसू दिलं. कंपाइल केलं तर दोन एरर, दोन्ही माझ्या टायपिंगच्या. बाबांनी विचारलं, "माझं वाचायचं काही चुकलं का गं?"

त्यांना जाऊन सहा वर्षं झाली. वाचून झालेल्या प्रत्येक ओळीपुढे त्यांनी पेन्सिलीने बारीक टिंब दिलंय. तो प्रिंटआउट अजून माझ्याकडे आहे. तुमच्या त्या रात्री कशा गेल्या, लिहा ना.

जास्त तरी :
अर्धविराम वाचून डोळ्यांत पाणी आलं ताई. आमची वायवा (तोंडी परीक्षा) संपली की सगळे थेट सेव उसळ खायला. वाटाण्याची उसळ, वर मूठभर सेव, आणि रश्श्याची तरी पुन्हा पुन्हा मागून घ्यायची. आता पुण्यात असतो. मिसळ आवडते, पण ती मिसळ. डिसेंबरात बडोद्याहून कोणी येतंय का इकडे? सेव हवी आहे.

पाचवं सेम चालू :
उद्या ओएसची (ऑपरेटिंग सिस्टमची) वायवा आहे म्हणून थोडक्यात. डेडलॉक, म्हणजे प्रोग्रॅम एकमेकांसाठी अडून कायमचे थांबणं, त्याच्या चार अटी पाठच होत नव्हत्या. दादाने संध्याकाळी मांडवीला नेऊन उभं केलं. चारही बाजूंनी रिक्षा घुसलेल्या. एका जागी एकच गाडी मावते, प्रत्येकाने आपली जागा धरून पुढची मागितलीय, कोणाला उचलून बाजूला ठेवता येत नाही आणि सगळे गोलात एकमेकांसाठी थांबलेत. झाल्या चार.

मांजलपूर :
पाचवं सेम, बँकर्स अल्गोरिदमचं (डेडलॉक टाळायच्या पद्धतीचं) गणित नक्की करून जा. नीड (अजून लागणारं) म्हणजे मॅक्स (जास्तीत जास्त लागणारं) वजा अलोकेशन (आधीच दिलेलं), तो तक्ता आधी मांड. सेफ सीक्वेन्स, म्हणजे कोणी न अडकता सगळे पूर्ण होतील असा क्रम, एकाहून जास्त निघू शकतात, शेजारच्याचा वेगळा आला म्हणून आपला खोडू नकोस. मी खोडला होता, बरोबर असलेला.

पाचवं सेम चालू :
थँक्यू काका 🙏

मांजलपूर :
दादा म्हण 🙂

नाव नको :
सहाव्या सेमला थिअरी ऑफ कॉम्प्युटेशन हा विषय राहिला. घरी सांगितलंच नाही. पुढच्या वेळी परीक्षेआधीच्या सुट्टीत रोज डबा घेऊन निघायचे आणि कमाटीबागेत फुलांच्या घड्याळापाशी पुस्तक उघडून बसायचे. पंपिंग लेमा, म्हणजे एखादी भाषा रेग्युलर (ठरावीक अवस्थांच्या साध्या यंत्राला ओळखता येणारी) नाही हे दाखवायचा नियम, शंभर वेळा वाचला असेल. एक दिवस वर्गातली मैत्रीण शोधत आली. तिने सांगितलं ते असं : यंत्राकडे खोल्या, म्हणजे अवस्था, ठरावीक. आधी अ, मग तितकेच ब अशा ओळींची भाषा ओळखायची, आणि अ खूप झाले की कुठल्यातरी खोलीत परत यावंच लागतं. मग ते वळण कितीही वेळा फिरव, अ वाढत जातात, ब आहेत तेवढेच राहतात. म्हणून ही भाषा रेग्युलर नाही. अर्ध्या तासात कळलं. त्याच दिवशी आईला सगळं सांगून टाकलं. ती एवढंच म्हणाली, "उद्यापासून डबा घरी बसून खा."

दांडिया बाजार :
तुमच्या आईला माझा नमस्कार सांगा. माझी मुलगी पण आठवडाभर गप्प गप्प आहे. आज विचारते तिला.

कलाभवनचा जुना :
आम्हाला फोरट्रान ही जुनी कॉम्प्युटरची भाषा होती, मशीनवर आठवड्यातून एक तास. आधी प्रोग्रॅम वहीत कोरडा, म्हणजे हातानेच एकेक पायरी करत, चालवून बघायचो, कारण चूक निघाली की पुढच्या आठवड्यावर गेलं. सयाजीरावांनी १८९० साली कलाभवन ही कला आणि तंत्रशिक्षणाची संस्था काढली, दादासाहेब फाळके तिथे शिकले, हे आजोबा सारखे सांगायचे. तेव्हा कंटाळा यायचा, आता नातवाला मीच सांगतो. बाकीचं नंतर, कुकरची तिसरी शिट्टी झाली.

जास्त तरी :
काका, फोरट्रानचं पुढचं लिहाच.

रावपुऱ्याची लेक :
सगळ्यांचं वाचलं. नाव नको, मैत्रिणीशी अजून बोलणं असतं का? भाचीच्या जर्नलवर सही झाली. काल तिला बाबांचा प्रिंटआउट दाखवला. पूर्ण वाचला तिने, बोट फिरवत. चौथ्या पानावर थांबली, म्हणाली, "मावशी, इथे नोड (साखळीतली एक नोंद) काढून टाकलाय, पण त्याची मेमरी फ्री, म्हणजे मोकळी, केलेलीच नाही." दुरुस्त करायला पेन्सिल मागत होती. मी दिली नाही.

दांडिया बाजार :
देऊच नका ताई. झेरॉक्सवर करू दे.