पत्रानं नाही, बुधवारानं मारलं ज्युलिएटला

गोदाकाठ (नांदेड): परवा इथं कुणीतरी लिहिलं की 'रोमिओ अँड ज्युलिएट' ही शोकांतिकाच नाही; दोन उतावळी लेकरं आणि न पोचलेलं एक पत्र, बस. दोन दिवस ते डोक्यातून गेलं नाही, म्हणून लिहिते.

उतावळं कोण होतं? सुरुवातीला ज्युलिएटचा बाप तिला मागणी घालणाऱ्या पॅरिस नावाच्या सरदाराला म्हणतो, पोरगी अजून चौदाची नाही, दोन उन्हाळे जाऊ द्या. तोच बाप सोमवारी रात्री गुरुवारचं लग्न पक्कं करतो. रोमिओशी गुपचूप लग्न झालेली ती नको म्हणाली, तर रस्त्यावर मर म्हणतो. आई तोंड फिरवते. जिनं दूध पाजलं ती दाईसुद्धा म्हणते, पॅरिसशीच कर. मंगळवारी पोरगी वरवर हो म्हणाली, तर बापानं लग्न बुधवारवर आणलं! मेल्याचं सोंग करायचं 42 तासांचं गुंगीचं औषध तिला एक रात्र आधी घ्यावं लागलं ते त्यामुळं. हद्दपार रोमिओला धाडलेल्या निरोपाच्या वाटेतला एक दिवस बापानं खाल्ला.

आमच्या गल्लीतल्या पोरीचं बारावीचा निकाल लागायच्या आत उरकलं. एका पोराशी बोलताना दिसली, एवढंच. तिलाही सगळे उतावळीच म्हणत होते.

मोंढ्यावरचा: पोस्ट माझी होती. ताई, पत्र नेणारा साधू फ्रायर जॉन प्लेगच्या संशयावरून घरात कोंडला गेला, म्हणून दोघं मेले. ह्याला अपघात म्हणतात. शेक्सपिअरनं गोष्ट जिथून घेतली त्या ब्रूकच्या 1562 च्या कवितेत हेच प्रकरण कित्येक महिने चालतं. शेक्सपिअरनं ते पाच दिवसांत कोंबलं, घाई त्यानं घातली. माझ्या चुलतभावानं पळून जाऊन लग्न केलं, वर्षाच्या आत दोघं एकमेकांचं तोंड बघेनात. त्यापेक्षा फ्रेंच संगीतकार गूनोचा ह्याच गोष्टीवरचा 1867 चा ऑपेरा बरा. तिथं रोमिओचा जीव जायच्या आधी ज्युलिएट जागी होते, दोघं शेवटचं एकत्र गातात.

तंबोरा: विष प्यालेला माणूस गातो? ह्याच खोडीनं आपलं संगीत नाटक बुडवलं. पात्र मरायला टेकलंय आणि पेटीवाला सूर देतोय. स्पर्धेत एका प्रयोगाला मी साथीला होतो, मरणाच्या प्रवेशातलं पद संपेचना, मागच्या रांगा उठून गेल्या. रशियन संगीतकार प्रोकोफिएव्हनं तर 1935 मध्ये बॅलेत, म्हणजे नृत्यनाट्यात, दोघांना जगवलंच होतं, मेलेली माणसं नाचणार कशी म्हणून! मग शेवट बदलला, 1938 मध्ये चेकोस्लोव्हाकियातल्या ब्रनोला पहिला प्रयोग झाला.

गोदाकाठ: किल्लारीच्या भूकंपात, 1993 ला, माझ्या आजीचा धाकटा भाऊ गेला. आजी ओसरीवर बसून हेल काढून रडली. त्याचं लहानपण, त्याची बैलजोडी, त्यानं आणलेलं लुगडं, सगळं सुरात. मी सात वर्षांची होते, तो सूर अजून कानात आहे. मरणापुढं माणूस गात नाही, हे मला सांगू नका.

तंबोरा: ती मागं राहिलेली बाई होती. मरणारा गात नाही, एवढंच माझं म्हणणं. आणि ह्याच गोष्टीवरचं अमेरिकी संगीत नाटक 'वेस्ट साइड स्टोरी' (1957) बघा, तिथं ज्युलिएटच्या जागची मारिया जिवंत राहते. तिचं शेवटचं भाषण बर्नस्टाइनला सुरात बसवता आलं नाही, ते बोललंच जातं. एवढ्या मोठ्या संगीतकाराला तिथं थांबावं लागलं.

मोंढ्यावरचा: दोघांनी मिळून धागा पार स्मशानात नेला. मी नाटकाबद्दल विचारलं होतं, कुणाच्या आजीबद्दल नाही.

गोदाकाठ: चुलतभाऊ तुम्ही आणलात आधी.

उदगीरची मावशी: भांडू नका रे लेकरांनो. त्या दाईला मात्र बोल लावू नका. मी पण माझ्या लेकीला तसंच म्हणले होते, स्थळ चांगलं आहे, कर. तिच्या बापाचा राग मला ठाऊक होता, तिला नव्हता. लेक आता फोन करते, पण तो विषय काढत नाही.

मोंढ्यावरचा: मावशी, तुमच्यापुढं काय बोलू. ताई, लग्न बुधवारवर आणलेलं माझ्या ध्यानातून निसटलं होतं. तेवढं मानतो, पुढचं नाही. प्लेग नसता तर पत्र पोचलं असतं की नाही?

गोदाकाठ: पोचलं असतं. मग ती थडग्यातून उठून रात्रीच्या अंधारात मांटुआला, रोमिओच्या हद्दपारीच्या गावी, गेली असती. बापाच्या दारातून उजळ माथ्यानं निघाली असती का, ते सांगा.