शब्दचर्चा: फोटोसंग्रहाच्या टॅगसाठी शब्द – बारव, वीरगळ आणि 'हेमाडपंती'

प्रश्न

गावोगावच्या जुन्या वास्तू आणि शिल्पांचे फोटो एका संकेतस्थळावर लावतोय. बाजूला टॅगची यादी असेल, टिचकी मारली की तेवढेच फोटो उरतील. घोडं अडलंय शब्दांपाशी. पायऱ्यांनी आत उतरायच्या विहिरीला लोकांनी बारव, पायविहीर, बावडी, पुष्करणी असं काहीही लिहून पाठवलंय. 'हेमाडपंती' तर प्रत्येक काळ्या दगडाच्या देवळाला! एकेक शब्द ठेवून बाकीचे उडवू का? आणि 'फिल्टर'ला काय म्हणावं, गाळणी की चाळणी?

प्रतिसाद

उडवू नका हो. यादीत एकच शब्द दिसू दे, बाकीचे त्याच्या पोटात असू देत. मराठवाड्यातला माणूस 'बारव' शोधेल, मालवणकडचा 'बाव' लिहील. पुष्करणी मात्र वेगळी ठेवा, ते देवळाचं कुंड.

प्रकार आणि नाव यांचीही गल्लत नको. साताऱ्याजवळच्या लिंबची 'बारा मोटेची विहीर' घ्या. नावात विहीर, पण आत उतरायला प्रशस्त पायऱ्या आणि वर दगडी महाल. नाव तेच राहू दे, टॅग पायविहिरीचा लावा.

एक खाचखळगा आत्ताच सांगतो. 'विहीर'मधली दीर्घ 'ही' ही 'विहिरी', 'विहिरीत' होताना ऱ्हस्व होते. नुसती अक्षरं जुळवणारा शोध तिथे हमखास गंडतो. 'वीरगळ', म्हणजे लढाईत पडलेल्या वीराचा स्मारक-दगड, तो तर निम्मे लोक 'विरगळ' लिहितात. ही सगळी रूपं हातानेच भरावी लागतील.

प्रतिसाद

'हेमाडपंती'बद्दल. हेमाद्री ऊर्फ हेमाडपंत हा देवगिरीच्या यादवांचा मंत्री, महादेव आणि रामचंद्र यांच्या कारकिर्दीतला, म्हणजे तेराव्या शतकाचा उत्तरार्ध. अंबरनाथच्या शिवालयातला शिलालेख शके ९८२चा, इ. स. १०६०. दोनशे वर्षं आधीचं, तेही शिलाहारांच्या राज्यातलं देऊळ हेमाडपंताच्या खात्यावर कसं टाकणार? जाणकार त्या देवळाची शैली भूमिज (शिखरावर छोट्या शिखरांच्या ओळी असलेली) म्हणतात. माझं मत विचाराल तर हा टॅग काढूनच टाका.

प्रतिसाद

काढलात तर निम्मे लोक रिकाम्या हाताने परत जातील. बोलताना 'हेमाडपंती' म्हणजे चुन्याशिवाय दगडात दगड बसवून केलेलं बांधकाम, एवढाच अर्थ उरलाय. म्हणून तो 'बांधणी'खाली ठेवा, 'काळ' किंवा 'राजवट'खाली चुकूनही नको.

खरं तर प्रत्येक गटाने एकाच प्रश्नाचं उत्तर द्यावं: वस्तू कोणती, कुठली, कधीची, कशी घडवलेली. आणि पाचवा गट, जो सगळे विसरतात: तिच्यावर कोरलंय काय? वीरगळावर बहुधा खालून वर वाचत जायचं असतं. तळाला लढाई आणि पडलेला वीर, मधे त्याला नेणाऱ्या अप्सरा, वर शिवलिंगाची पूजा, माथ्यावर चंद्र-सूर्य. बोरिवलीच्या एकसरला जे वीरगळ आहेत त्यांत चक्क नाविक युद्ध आहे, वल्ह्यांच्या रांगांसकट. नुसता 'वीरगळ' टॅग लावलात तर जुन्या जहाजांचा अभ्यास करणाऱ्याला ते कधी सापडायचेच नाहीत. 'नौका' हवाच.

मूळ प्रश्नकर्ता

पटलं. मग कोणी 'लेणी' आणि 'किल्ला' दोन्हींवर खूण केली तर? आत्ता तरी शून्य फोटो येतात.

प्रतिसाद

कारण तुमचं यंत्र तिथे 'आणि' लावतंय. दोन्ही असलेल्या जागा सापडतील एखाददुसऱ्या, पण माणसाला दोन्हींचे फोटो बघायचे असतात. एकाच गटातल्या खुणांत 'किंवा', वेगवेगळ्या गटांत 'आणि'. लेणी किंवा किल्ला, आणि पुणे जिल्हा. प्रत्येक टॅगपुढे किती फोटो उरतील तो आकडाही दाखवा.

गाळणी-चाळणीचं म्हणाल तर चहाचा गाळ नि पिठाचा कोंडा दोन्ही टाकूनच देतो आपण. बटणावर सरळ 'निवडा' लिहा.